रताळ्याची माती काढणारं यंत्र: मेंटॉर म्हणून ठेवलेल्या नोंदी

१३ जुलै २०२४, शनिवार

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आणि आजूबाजूला काम करणारे आम्ही पाच जण यंदा एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांबरोबर प्रोजेक्टसाठी बसणार आहोत. मी हायड्रॉलिक सिलिंडरच्या डिझाइनमध्ये आहे. एक जण फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) मेथड्स, म्हणजे ओतकाम कसं करायचं ते, बघतात, एक कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करतात, एक टूलरूममधून निवृत्त झालेत. पाचव्या शहापूरच्या मॅडम, त्या घरातूनच पुण्याच्या कंपनीचं डिझाइन करतात. मानधन नाही. शनिवारी कारखाना सुटल्यावर बसायचं आणि गरज पडली तर रविवारी.

नोंदी ठेवतोय त्या इतरांसाठी. व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं) मुख्यालय आपल्या मच्छेत, उद्यमबागेत लेथ, व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), फाउंड्री, हीट ट्रीटमेंट सगळं हाकेच्या अंतरावर, आणि तरी दरवर्षी कितीतरी गट तयार प्रोजेक्ट विकत आणून त्यावर स्वतःची नावं चिकटवतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुलांना येत नाही म्हणून असं होत नाही. त्यांना कारखान्याच्या दारातून आत कुणी घेत नाही म्हणून होतं.

आमच्याकडे आलेल्या गटात चौघे: खानापूरची एक मुलगी, निपाणीची एक, येळ्ळूरचा एक मुलगा आणि गोकाकचा एक. कॉलेजातल्या गाइड सरांशी आधीच बोलून घेतलं. विषय, मार्क, रिपोर्ट सगळं त्यांच्याकडे. आम्ही काही बदल सुचवला तर त्यांना कळवूनच. आणि आमच्यात एक ठरलं, की मेंटॉरनं मुलांच्या लॅपटॉपचा माउस हातात घ्यायचा नाही. चूक दिसली की बोट ठेवायचं, रेघ त्यांनीच मारायची.

२० जुलै, शनिवार

पाऊस इतका की खानापूरची मुलगी पोहोचू शकली नाही, फोनवरूनच सामील झाली. विषय निवडायचा होता. मुलांनी आणलेल्या यादीत सौर ड्रायर, ड्रोननं फवारणी, कचरा वेगळा करणारा रोबो असं बरंच काही होतं. टूलरूमवाल्या काकांनी प्रत्येक विषयाला एकच प्रश्न विचारला: "हे वापरणारा माणूस तुमच्या ओळखीचा आहे का? असला तर त्याचं नाव सांगा." पहिल्या सात विषयांना कुणाचं नाव निघालं नाही.

येळ्ळूरच्या मुलाच्या आत्याचं घर बेळगुंदीकडे. तिथे रताळी होतात. काढल्यावर माती काढायला माणसं मिळत नाहीत, असं तिनं त्याला सांगितलेलं. नाव निघालं, विषय ठरला: रताळी धुण्याचं यंत्र.

२८ जुलै, रविवार

बेळगुंदीकडच्या शेतात. वेल नुकतेच लावलेले, रताळं एकही नाही. तरीही जाणं सार्थकी लागलं.

मुलांनी पाण्याचे फवारे, टाकी, पंप असं रेखाटन नेलं होतं. आत्यानं ते बघितलं आणि म्हणाली, "धुतलेली रताळी पोत्यात भरून लांब पाठवली तर वाटेतच कुजतात रे. व्यापाऱ्याला माती नको, पण ओलंही नको." पंधरा मिनिटांत टाकी, पंप, फवारे सगळं गेलं. कोरडं घासून माती काढायची, एवढं राहिलं. एक महिना कॅडवर काढून मग हे कळलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करा.

दुसरी गोष्ट विजेची. शेतात थ्री-फेज ठरावीक तासच येते, घराशी सिंगल-फेज असते. यंत्र घराच्या पडवीत चालणार, म्हणून मोटर सिंगल-फेज. हे मुलांनी वहीत स्वतःहून टिपलं.

अडचण एक. पीक काढणीला येणार ऑक्टोबरात, कॉलेजचा पहिला रिव्ह्यू सप्टेंबरात. तोवर चाचणीला रताळी कुठून आणायची? मुलांचा निर्णय असा, की बाजारातले बटाटे ओल्या तांबड्या मातीत लोळवून घ्यायचे.

१० ऑगस्ट, शनिवार

ड्रॉइंग आले. यंत्र असं: आडवा पिंजरा, म्हणजे ६०० मिमी व्यासाचा, १२०० मिमी लांब ड्रम, १२ मिमीच्या गोल सळया, दोन सळयांत २० मिमीची फट. मधून आरपार शाफ्ट, दोन्ही टोकांना बेअरिंग. थोडा उतार, वरून रताळी टाकायची, खालून निघायची. आतून नायलॉन ब्रशच्या पट्ट्या.

मुलांना ड्रॉइंग घेऊन थेट मच्छेतल्या एका टर्नरमामांकडे पाठवलं, बरोबर आमच्यातलं कुणी गेलं नाही. संध्याकाळी चौघे परत आले ते तोंडं उतरवून. शाफ्टला पूर्ण लांबीभर एच-सात, जी-सहा असं फिट (दोन भाग एकमेकांत किती अचूक बसावेत याची मर्यादा) लिहिलेलं. अँगलच्या फ्रेमला अधिक-उणे ०.०१ मिमी. मामांनी एका शाफ्टचे साडेचार हजार सांगितले आणि फ्रेम करायला नकार दिला.

मग शांतपणे बसलो. २५ मिमीच्या भोकाला एच-सात म्हणजे शून्य ते २१ मायक्रॉन (मिमीचे हजारावे भाग) एवढाच फरक चालतो. हे कुठे लागतं? जिथे दोन भाग एकमेकांत अचूक बसायला हवेत तिथे. आपल्याकडे तशी जागा किती? मुलांनी एकेक माप वाचून स्वतःच खोडलं. शेवटी निपाणीच्या मुलीनं कॅटलॉग उघडून दाखवलं, की यूसीपी २०५ ब्लॉक (बैठकीसकट तयार मिळणारं बेअरिंग) घेतला तर बेअरिंग ग्रब स्क्रूनं शाफ्टवर आवळतं, म्हणजे बाजारातला २५ मिमीचा ब्राइट बार (गुळगुळीत तयार सळई) तसाच चालतो, टर्निंग लागतच नाही. साडेचार हजारांचा शाफ्ट सहाशेच्या आत आला.

हे करू बघणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं: ड्रॉइंग आधी बनवणाऱ्या माणसासमोर जाऊ द्या, गाइड आणि मेंटॉर नंतर. मामांच्या एका नकारानं जे शिकवलं ते मी फळ्यावर तासभर सांगून उतरलं नसतं.

२४ ऑगस्ट, शनिवार

खरेदी. मुलांचा अंदाज २२ हजारांचा, चौघांनी वाटून. १ एचपी, १४४० आरपीएमची सिंगल-फेज मोटर जुनी मिळाली, ३,८०० रुपये. ४०:१ चा, म्हणजे वेग चाळीसपट कमी करणारा वर्म गिअरबॉक्स नवा, ६,९००. म्हणजे ड्रम ३६ आरपीएमनं फिरणार. हा आकडा कुठून आला विचारलं, तर पुस्तकातल्या बॉल मिलच्या (खनिज दळणाऱ्या फिरत्या ड्रमच्या) सूत्रावरून. त्याकडे पुढे परत यावं लागलं.

नायलॉन ब्रशच्या पट्ट्या मागवल्या, ४,२०० रुपये. पॅनेलवाल्यांनी एकच अट घातली: चेनला गार्ड आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसल्याशिवाय मोटरला करंट द्यायचा नाही. ओली माती, ओले हात, पडवीतलं कच्चं अर्थिंग. ती अट कुणासाठीही सैल होणार नाही.

सात सप्टेंबरला गणपती. आपल्याकडे त्या दिवसांत मुलं मंडळात असतात आणि असावीत. विसर्जनानंतर भेटायचं ठरवलं. वेळापत्रकातून तेवढे दिवस आधीच वजा करा, नंतर चिडचिड होत नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा चालवलं. वेल्डिंग बरंचसं गोकाकच्या मुलानं केलं. वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टर आणि तो कन्नडमध्ये बोलत बोलत दोन दिवसांत फ्रेम उभी करून मोकळे झाले.

मातीत लोळवलेले बटाटे टाकले. माती निघाली, पण आवाज ऐकूनच टूलरूमवाले काका म्हणाले, "हे धुणं नव्हे, हे बडवणं झालं." बटाटे ड्रमबरोबर अर्ध्यापेक्षा वर चढायचे आणि धाडकन खाली पडायचे. साली फाटलेल्या.

कारण गणितातच होतं. ड्रममधला माल भिंतीला चिकटून पूर्ण गोल फिरायला लागतो तो वेग म्हणजे ४२.३ भागिले व्यासाचं (मीटरमध्ये) वर्गमूळ. ०.६ मीटरला तो येतो साधारण ५४.६ आरपीएम. आपले ३६ म्हणजे त्याच्या ६६ टक्के. बॉल मिलला ६५ ते ७५ टक्के हवेच असतात, कारण तिथे गोळ्यांनी आपटून खनिज फोडायचं असतं! सूत्र बरोबर होतं, काम उलटं होतं. आपल्याला माल एकमेकांवरून घसरायला हवा, पडायला नको. मुलांनी एक तृतीयांशाच्या आसपास म्हणजे १८ आरपीएम ठरवलं.

गिअरबॉक्स बदलायचा म्हणजे ६,९०० पाण्यात. त्याऐवजी चेनचे स्प्रॉकेट बदलले: गिअरबॉक्सवर १७ दात, ड्रमवर ३४. खर्च हजाराच्या आत.

२८ सप्टेंबर, शनिवार

१८ आरपीएमवर बटाटे छान निघाले. सालं शाबूत. रिव्ह्यूत गाइड सर खूश, मुलं त्याहून खूश. फाउंड्रीवाल्यांनी मात्र मुलांना बजावलं, की रताळं अजून ड्रममध्ये गेलेलं नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

नवरात्र. उपवासामुळे रताळ्याला मागणी, म्हणून आत्याकडे लवकर लावलेला तुकडा काढायला घेतलेला. यंत्र टेम्पोतून नेलं. परतीचा पाऊस आदल्या दिवशी पडून गेलेला.

दहा मिनिटांत बंद करावं लागलं. एकाच वेळी तीन गोष्टी झाल्या.

रताळं बटाट्यासारखं नाही. लांबट, दोन्ही टोकं निमुळती, आणि देठाला वेलाचा तुकडा लोंबणारा. ते तुकडे मधल्या शाफ्टला गुंडाळले गेले. बघता बघता शाफ्टभोवती मांडीएवढा वेलाचा गोळा, त्यात रताळी अडकलेली, तीही फिरतायत.

निमुळती टोकं २० मिमीच्या फटीत शिरून मोडत होती. शंभर किलोत अकरा किलो टोकमोडी निघाली. मोडलेल्या रताळ्याचा भाव व्यापारी पाडतोच.

आणि ओली तांबडी माती नायलॉनच्या केसांत अशी बसली, की ब्रशचा लगदा झाला. काठीनं टोकरूनही निघेना. ४,२०० रुपये इथेच संपले.

मुलं गप्प. आत्यानं बाजूलाच बसून काम चालू ठेवलं होतं आणि मी खानापूरच्या मुलीला तिच्या शेजारी बसवलं. आत्याच्या डाव्या हातात गोणपाटाचा तुकडा, तळव्यावर पसरलेला. रताळं त्यात ठेवायचं, मूठ अर्धी मिटायची आणि उजव्या हातानं टोकाला धरून एक पीळ द्यायचा. मातीचा पापुद्रा सालीवरून सरकून गोणपाटात उतरतो. मग गोणपाट झटकायचा. तो झटकला की मोकळा होतो, कारण त्यात मातीनं अडकून बसावं असं काही नसतंच. मुलीनं स्वतः वीसेक रताळी केली आणि वहीत लिहिलं: "ब्रश नको. सपाट, लवचिक, स्वतः झटकलं जाणारं काहीतरी." आख्ख्या प्रोजेक्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे आहे, असं मला वाटतं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

शाफ्ट काढायचा तर ड्रम धरायचा कसा? मुलांचा पहिला विचार दोन्ही टोकांना रिंगा आणि खाली चार रोलर. मग ड्राइव्ह पूर्ण बदलतो, गिअरबॉक्स निकामी, पैसे नाहीत. शहापूरच्या मॅडमनी उत्तर दिलं नाही, फक्त विचारलं, "दोन्ही टोकं उघडी असायलाच हवीत का?" दोन तास गेले, चहा दोनदा झाला. मग येळ्ळूरच्या मुलानं खडूनं जमिनीवर काढलं: माल जिथून पडतो ते टोक जाड पत्र्यानं बंद, त्यावर छोटा शाफ्ट, जुनंच बेअरिंग, जुनंच स्प्रॉकेट. माल बाहेर पडायला त्या टोकाजवळ घेरालाच खिडक्या. टाकायचं टोक पूर्ण उघडं, तिथे रिंग आणि तिच्याखाली दोन रोलर. आत आरपार काहीच नाही, वेल गुंडाळायचा तरी कशाला?

गाइड सरांची नाराजी झाली. रिपोर्टची दोन प्रकरणं आणि स्ट्रेस ॲनालिसिस नव्यानं करायला लागणार होतं. त्यांचंही खरं आहे, त्यांच्याकडे असे बरेच गट आहेत. आम्ही दोघं त्यांना भेटलो, शेतातला व्हिडिओ दाखवला. ठरलं ते असं, की जुनं डिझाइन रिपोर्टमधून काढायचं नाही. ते का फसलं याचं वेगळं प्रकरण करायचं. बाहेरून येऊन कॉलेजच्या शिक्षकाला डावलू नका. मार्क त्यांच्या हातात असतात म्हणून एवढंच नव्हे, पुढच्या वर्षी दार त्यांनीच उघडायचं असतं.

कर्नाटक राज्य विज्ञान आणि तंत्रज्ञान परिषदेच्या विद्यार्थी प्रकल्प योजनेत प्रस्ताव पाठवायचाही विषय निघाला. तो कॉलेजमार्फतच जातो, म्हणून काम सरांकडे सोपवलं.

९ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळी झाली. रिंग ५० x ६ च्या फ्लॅटची रोल करून जोडली, ड्रमला वेल्ड केली, रोलरवर ठेवली. ड्रम प्रत्येक फेरीला उड्या मारतोय. डायल (डगमग मोजायचं उपकरण) लावायचीही गरज नव्हती, डोळ्यांना दिसत होतं. वेल्डच्या उष्णतेनं रिंग ओढली गेली होती.

ड्रम टेम्पोत घालून परत टर्नरमामांकडे. त्यांनी आधी मशीनला हात लावला नाही. ड्रम रोलरवर हातानं फिरवायला गोकाकच्या मुलाला सांगितलं. स्वतः एक विटेचा तुकडा ठेवून त्यावर मनगट टेकवलं आणि खडूचं टोक रिंगपासून केसभर लांब धरलं. रिंग फिरली तसा खडू जिथे घासला तिथे पांढरा पट्टा उमटला, बाकी रिंग काळीच. पट्टा हातभर लांब, बरोबर वेल्डच्या जोडावर. "हाच तुमचा डोंगर," मामा म्हणाले. मग जोडाजवळ गरम करून, हातोड्याचे चार घाव, परत खडू. पट्टा लहान झाला, दोन जागी विभागला. परत घाव. शेवटी खडू जवळजवळ सगळीकडे सारखा फिका लागू लागला तेव्हा थांबले आणि मुलाच्या हातात खडू देऊन म्हणाले, "आता तू धर."

डायल लावल्यावर सहा मिमीचं रनआउट, म्हणजे रिंगची डगमग, दीडवर आलेलं. उरलेलं मोठ्या लेथवर खरवडून काढायचं होतं, पण ६ मिमीच्या फ्लॅटमध्ये खरवडायला मांसच उरत नाही. म्हणून रिंग कापून १० मिमीची नवी घातली, तशीच खडूनं सरळ केली आणि मग टर्निंग. रोलिंग, टर्निंग मिळून २,१०० गेले आणि एक आठवडा. ज्यांना वेल्ड केलेली रिंग रोलरवर फिरवायची आहे त्यांनी सुरुवातच १० मिमीनं करावी आणि टर्निंग वेल्डिंगनंतरच करावं.

२४ नोव्हेंबर, रविवार

ब्रशच्या जागी काय लावायचं, हा प्रश्न फाउंड्रीवाल्यांनी सोडवला, तोही मुलांना आपल्या सँड प्लँटमधून नुसतं फिरवून आणून. मोल्डिंगची वाळू वाहणारा कन्व्हेअर बेल्ट झिजला की काढून टाकतात. निपाणीच्या मुलीनं भंगारातला तुकडा हातात घेऊन पीळ दिला आणि म्हणाली, "सर, हा गोणपाटासारखा आहे." त्याच्या तीन इंची पट्ट्या कापून ड्रमच्या आत लांबीनं, एका बाजूनं बोल्ट मारून लावल्या, दुसरी कड मोकळी. ड्रम फिरतो तशी पट्टी खाली असताना रताळ्यांखाली दबते, वर गेली की स्वतःच्या वजनानं लोंबते आणि माती झटकते. फटीही अर्ध्याहून जास्त झाकल्या गेल्या, म्हणून टोकं अडकणं थांबलं. खर्च बोल्टचा तेवढा.

आज शेतात. माती छान निघतेय. पण दुपारी मोटर नुसती गुणगुणली, फिरेना. ड्रम अर्धा भरलेला होता. पॅनेलवाल्यांनी मीटर लावला: १८० व्होल्ट. गाव फीडरच्या (वीजवाहिनीच्या) टोकाला, शेजारी पिठाची चक्की चालू. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गावर जातो, २३० चे १८० झाले की सुरुवातीचा जोर साधारण ६१ टक्क्यांवर येतो. कपॅसिटर गरम होऊन फुगला होता, तो बदलला. मुलांना घाई होती मोठी मोटर घ्यायची. गरज नव्हती. ड्रम रिकामा असताना चालू करायचा, वेग आला की माल टाकायचा, आणि बंद करायच्या आधी रिकामा होऊ द्यायचा. स्विचशेजारी मराठी आणि कन्नड दोन्हींत मोठ्या अक्षरांत रंगवून टाकलं.

७ डिसेंबर, शनिवार

मोजमाप. आत्याच्याच शेतात, तिच्याच मजुरांबरोबर, स्टॉपवॉच आणि वजनकाटा लावून.

ओल्या मातीची, त्याच सकाळी काढलेली रताळी: क्विंटलला २६ मिनिटं. सकाळी काढून दुपारपर्यंत उन्हात पसरलेली: १५ मिनिटं. टोकमोडी अकरा किलोवरून तीनवर आली. हातानं एक बाई ओल्या मालाचा क्विंटल साधारण दीड तासात करते. पण यंत्राला दोन माणसं लागतात, एक टाकायला, एक खालून उचलायला. म्हणजे ओल्या मालात ९० मिनिटांच्या कामाला ५२ मिनिटांचं माणूसबळ. बचत आहे, पण मुलांना वाटली होती तेवढी नाही.

प्रस्तावात त्यांनी ताशी ६०० किलो लिहिलं होतं: ड्रमच्या आकारमानाच्या दहा टक्के माल, दोन मिनिटं मुक्काम, गुणाकार. कागदावर बरोबर. प्रत्यक्षात ओल्याला ताशी २३०, उन्हातल्याला ४००. खानापूरची मुलगी म्हणाली, एवढं कमी लिहिलं तर मार्क कापतील. मी तिला माझ्या कामातलं खरं ते सांगितलं. आमच्याकडे सिलिंडर टेस्ट बेंचवर जेवढा दाब धरतो तेवढाच प्लेटवर कोरला जातो, ड्रॉइंगवरचा नाही. ज्यानं मोजलं त्याच्याच आकड्यावर दुसरा माणूस पैसे लावतो. तिनं दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि फरकाची कारणंही.

२१ डिसेंबर, शनिवार

फायनल प्रेझेंटेशन. इथे झालेल्या १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाच्या शताब्दीमुळे शहरात रोषणाईची, मंडपाची धांदल, टेम्पो मिळेना. यंत्र कॉलेजात पोहोचवायला दुप्पट भाडं गेलं. या महिन्यात विधानसभा अधिवेशनाचीही गर्दी असते, वाहनाची सोय आधीच लावून ठेवा.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ फसलेल्या डिझाइनच्या प्रकरणावर घालवला. शाफ्टभोवतीच्या वेलाच्या गोळ्याचा फोटो त्यांनी स्वतः झूम करून बघितला. येळ्ळूरच्या मुलाला विचारलं, १८ च का, २० का नाही? त्यानं फळ्यावर वर्गमूळ मांडून उत्तर दिलं, मग म्हणाला, "आणि सर, दात १७ आणि ३४ चे स्प्रॉकेट दुकानात होते." मला ते उत्तर फार आवडलं. इंजिनिअर असाच विचार करतो.

ताशी ६०० आणि २३० च्या फरकावर एकानं हटकलं. मुलीनं घाबरत का होईना, मोजमापाची वही पुढे केली. त्यावर पुढचा प्रश्न आला नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

हिशोब, पुढच्यांसाठी. मोटर ३,८००. गिअरबॉक्स ६,९००. लोखंड ७,९००. बेअरिंग, चेन, स्प्रॉकेट ३,४००. वाया गेलेले ब्रश ४,२००. रिंग २,१००. वेल्डिंगचे रॉड, गॅस, रंग, बोल्ट २,३००. स्विच, आरसीसीबी, वायर, कपॅसिटर २,६००. टेम्पो २,४००. एकूण ३५,६००. अंदाजापेक्षा १३,६०० जास्त, आणि त्यातला सगळ्यात मोठा एक तुकडा ब्रशचा. ब्रशचा एकच फूटभर तुकडा आधी ओल्या मातीत घासून बघितला असता तर तो वाचला असता. टेम्पोचे पैसे अंदाजात कुणीच धरत नाही, ते धरा.

वेळेबद्दल. बटाट्यांवरच्या चाचणीत जवळजवळ पंधरवडा गेला आणि तिनं चुकीचा दिलासा दिला. खरा माल नसेल तेव्हा त्याच्या आकाराचं काहीतरी घ्या. लाकडाच्या निमुळत्या खुंट्या सुतळीची शेपटी बांधून टाकल्या असत्या तरी शाफ्टचा दोष सप्टेंबरातच दिसला असता. ही कल्पना टूलरूमवाल्या काकांची, पुढच्या गटाला पहिल्याच शनिवारी सांगायची आहे.

मेंटॉर होऊ इच्छिणाऱ्यांनी विचारलं, की नेमकं करायचं काय? आमच्या अनुभवात मुलांना डिझाइन देण्याची गरज एकदाही पडली नाही. आत्याचं अंगण, मामांचा लेथ, फाउंड्रीचं भंगार, पॅनेलवाल्यांचा मीटर: या चार दारांपर्यंत आम्ही त्यांना नेलं आणि दारात आडवे उभे राहिलो नाही. तुमच्या ओळखी हीच तुमची खरी पुंजी आहे, ती मुलांसाठी मोकळेपणानं खर्च करा. शनिवारची वेळ मात्र चुकवू नका, दोनदा तुम्ही आला नाहीत की तिसऱ्यांदा मुलं येत नाहीत.

यंत्र सध्या आत्याच्या पडवीत आहे. महाशिवरात्रीला परत मागणी येईल तोवर तिथेच चालेल. राहिलेली कामं अशी: खालच्या खिडक्यांच्या कडा धारदार आहेत, त्यांना अर्धा गोल रॉड वेल्ड करायचा. बेल्टच्या पट्ट्यांचे बोल्ट सैल होतात, नायलॉक नट (सहज सैल न होणारे) लावायचे. रोलरवर माती साठते, वर पत्र्याची टोपी हवी. आणि उचलणारा दुसरा माणूस वाचवायचा असेल तर खालून थेट पोत्यात पडेल अशी घसरण करायची, पण उंची वाढली की टाकणाऱ्याच्या खांद्याला त्रास. यावर निपाणीच्या मुलीकडे एक रेखाटन आहे. तिला जूनमध्ये नोकरी लागेपर्यंत ते पुढच्या वर्षीच्या गटाला समजावून द्यायला ती तयार आहे. पुढची बैठक १८ जानेवारीला, तिथे ती ते घेऊन येणार.